सांगलीच्या उन्हात टेट्रासायक्लिन तोडायचं कसं: चार बीकर, एक पिवळी पूड आणि कृष्णेचं पाणी

‘सूर्यप्रकाश आणि उत्प्रेरक’ हा विषय रसायनशास्त्राच्या प्रोजेक्टला दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. रिपोर्टचा शेवटही ठरलेला असतो: दोन तासांत इतके टक्के प्रतिजैविक नष्ट झालं. त्यातलं उत्प्रेरकाने किती केलं, नुसत्या उन्हाने किती केलं, आणि उरलेल्या पाण्यात जिवाणू मारायची ताकद शिल्लक आहे का, हे शोधायला गेलं तर त्या रिपोर्टात बहुधा काहीच सापडत नाही. हा लेख तेवढ्यासाठी. सांगली-मिरजेकडच्या साध्या कॉलेज प्रयोगशाळेत जमेल असा, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकावरचा प्रयोग इथे पहिल्या पायरीपासून मांडला आहे. पिण्याचं पाणी शुद्ध करायची ही कृती नव्हे. घरी, विहिरीवर किंवा गोठ्यात करून बघू नका.

विषय आपल्याकडचा का, हे थोडक्यात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा भाग शरीरातून जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो आणि सांडपाण्यात जातो. गावोगावी दुभती जनावरं आहेत. गाईला दगडी झाली की सडात ट्यूब सोडली जाते, इंजेक्शन दिलं जातं. आटपाडीकडे डाळिंबाच्या तेल्यावर, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगावर, वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं, आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिनसोबत टेट्रासायक्लिन असतं. पाण्यात ही औषधं अगदी कमी असतात, लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम. पण एवढ्याशा मात्रेतही औषधाला न दबणारे जिवाणू टिकून वाढू शकतात, आणि नेहमीची सांडपाणी प्रक्रिया यातली सगळी औषधं पकडत नाही.

उत्प्रेरक नेमकं काय करतो

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या विषयाने जोर धरला. अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडी मारतो आणि खाली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, राहते. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला धरून सुपरऑक्साइड हा चटकन प्रतिक्रिया करणारा रॅडिकल बनवतो. होल समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतो. औषधाच्या रेणूवर हे दोघे मिळून तुटून पडतात.

टायटॅनियम डायऑक्साइडची अडचण अशी की त्याच्या अॅनाटेज रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश. उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. झिंक ऑक्साइडचीही तीच गत, शिवाय आम्लधर्मी पाण्यात ते विरघळून पाण्यात जस्त सोडतं. म्हणून इथे ग्राफाइटी कार्बन नायट्राइड घेतलं आहे. त्याला २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही कामी येतो. धातू नाही, आणि कच्चा माल म्हणजे युरिया. एक मर्यादा आधीच ध्यानात ठेवा: याच्या होलमध्ये पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करण्याइतका जोर नसतो, मुख्य काम सुपरऑक्साइड करतं. ‘हायड्रॉक्सिल रॅडिकलमुळे विघटन झालं’ हे वाक्य टायटॅनियमच्या पेपरातून उचलून इथे चिकटवलं, तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

पायरी १: पूड तयार करणं

प्रयोगशाळेच्या दर्जाचा युरिया १० ग्रॅम घ्या. गोणीतला नको. तो कडुनिंबाचं तेल लावलेला असतो, आणि शेतीचा अनुदानित युरिया दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही.

झाकणाच्या सिरॅमिक क्रुसिबलमध्ये युरिया भरा, पण क्रुसिबल निम्म्याच्या वर भरू नका. १३३ अंशाला युरिया वितळतो, पुढे फसफसतो, आणि भांडं गच्च भरलेलं असेल तर उतू जाऊन फर्नेसच्या तळाला चिकटतो. झाकणावरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. मफल फर्नेसचं तापमान मिनिटाला ५ अंशांनी वाढवत ५५० पर्यंत न्या आणि तिथे दोन तास ठेवा. या काळात अमोनिया भरपूर सुटतो. फर्नेसवर हूड किंवा एक्झॉस्ट पंखा नसेल तर हे काम करू नका; दारं-खिडक्या उघडून भागत नाही.

फर्नेस आपोआप थंड होऊ द्या. आत फिकट पिवळी, हलकी, भुसभुशीत पूड दिसेल. १० ग्रॅम युरियातून अर्धा ग्रॅमही हाती लागत नाही. पाच-सहा क्रुसिबल एकदम लावा आणि सगळी पूड एकत्र मिसळा, म्हणजे पुढचे सगळे प्रयोग एकाच मालावर होतील. मेलामाइन वापरलं तर पूड कितीतरी जास्त मिळते, पण तिचं पृष्ठफळ कमी असतं. पूड पांढरट राहिली असेल तर पूर्ण भाजली गेलेली नाही असं समजा.

खलात बारीक करा, विरल नायट्रिक आम्लाने एकदा आणि मग पीएच उदासीन होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ८० अंशाला रात्रभर वाळवा. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची चाचणी) करायची सोय असेल तर २७.४ अंशांवर ठळक आणि १३ अंशांच्या आसपास छोटं शिखर दिसलं पाहिजे.

पायरी २: औषधाचं द्रावण

टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड शुद्ध पावडरच्या रूपात मागवा. मेडिकलमधली कॅप्सूल फोडू नका. तिच्यातला स्टार्च आणि इतर भर प्रकाश विखुरतो आणि रीडिंगची वाट लावतो.

२५ मिलिग्रॅम पावडर २५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. हे लिटरला १०० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण झालं. बाटलीला लगेच फॉइल गुंडाळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दर वेळी ताजं करा, कारण टेट्रासायक्लिन नुसत्या उजेडातही हळूहळू बिघडतं. त्यापासून लिटरला २, ५, १०, १५, २० आणि २५ मिलिग्रॅमची द्रावणं करून यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणारं यंत्र, पुढे ‘स्पेक्ट्रो’) ३५७ नॅनोमीटरला रीडिंग घ्या आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे रीडिंगवरून तीव्रता ओळखायची, रेघ काढा. २० मिलिग्रॅमला शोषण साधारण ०.६ ते ०.७ येतं.

आपण वापरणार ते २० मिलिग्रॅमचं द्रावण नदीतल्या मात्रेच्या हजारो पट तीव्र आहे. त्याहून फार खाली आपला स्पेक्ट्रो बघूच शकत नाही. मायक्रोग्रॅम मोजायला एलसी-एमएस हे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं महागडं यंत्र लागतं. रिपोर्टात हे सरळ लिहून टाका.

पायरी ३: चार बीकर

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू. २५० मिलिलिटरचे चार सारखे बोरोसिलिकेट बीकर घ्या.

अ: १०० मिलिलिटर औषधाचं द्रावण + ५० मिलिग्रॅम पूड, उन्हात.
ब: १०० मिलिलिटर औषधाचं द्रावण, पूड नाही, उन्हात.
क: ‘अ’सारखंच, पण बाहेरून फॉइल गुंडाळून आणि वर फॉइलचं झाकण ठेवून. हाही बाहेर त्याच ट्रेमध्ये, म्हणजे तापमान सारखं राहील.
ड: १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर + ५० मिलिग्रॅम पूड, उन्हात. औषध नाही.

‘ब’ बीकर वगळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. टेट्रासायक्लिनचं शोषणशिखरच ३५७ नॅनोमीटरला आहे, आणि उन्हात तो प्रकाश असतोच. म्हणजे उत्प्रेरक नसतानाही हा रेणू उन्हात तुटतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं प्रतिजैविक घेतलंत तरी हीच कथा. ‘ब’ नसेल तर सूर्याने केलेलं काम तुम्ही आपल्या पुडीच्या नावावर जमा करता. ‘क’ सांगतो की औषध तुटलं की नुसतं पुडीला चिकटून बसलं. ‘ड’ सांगतो की सेंट्रिफ्यूजनंतरही उरणारी बारीक पूड रीडिंग किती वाढवते.

पूड टाकल्यावर अ, क आणि ड अर्धा तास अंधारात ढवळा. औषध पृष्ठभागाला जेवढं चिकटायचं तेवढं या वेळात चिकटून घेतं. त्यानंतरचं रीडिंग हे तुमचं शून्य मिनिट. ‘ब’लाही तेवढाच वेळ अंधारात ठेवा.

पायरी ४: गच्चीवर

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि सांगली साधारण ७४.६ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास, फेब्रुवारीत पाऊण वाजता. साताऱ्यात आणखी दोन मिनिटं उशिरा. म्हणून दोन तासांचा प्रयोग हिवाळ्याच्या सुरुवातीला सव्वाअकरा ते सव्वाएक आणि फेब्रुवारीत पावणेबारा ते पावणेदोन असा बसवा. दोन्ही बाजूंना ऊन सारखं मिळतं. घड्याळातले बारा धरून अकरा ते एक बसलात की उन्हाची चढती बाजूच जास्त मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असतं, पण बीकरमधलं पाणी तापतं आणि भराभर उडतं. पावसाळ्यात या प्रयोगाच्या नादी लागू नका.

गच्चीवर मॅग्नेटिक स्टिरर नेताना एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जागेपासून लांब, विटेवर ठेवा. बीकर पसरट ट्रेमध्ये पाण्यात बसवा, मधूनमधून थोडा बर्फ टाकून ३० अंशांच्या आसपास ठेवा. स्टिरर चार नसतील तर ब, क, ड दर दोन-तीन मिनिटांनी काचेच्या कांडीने हलवा. ‘अ’ मात्र सतत फिरता हवा. पूड तळाला बसली की प्रकाश वरच्या निवळ पाण्यातून फुकट जातो.

सुरुवातीला प्रत्येक बीकरवर मार्करने पाण्याची पातळी आखा. हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं, पण आपल्या कोरड्या हवेत दोन तासांत काही मिलिलिटर पाणी सहज उडतं, आणि तेवढ्याने औषध दाट होऊन विघटन कमी झाल्यासारखं दिसतं. नमुना काढण्याआधी डिस्टिल्ड वॉटर घालून पातळी रेघेवर आणा, ढवळा, मग नमुना घ्या आणि उरलेल्या पाण्याची नवी रेघ आखा.

०, १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना प्रत्येकी ४ मिलिलिटर नमुना काढा. नळी लगेच फॉइलमध्ये. आत आणून सेंट्रिफ्यूज करा, मग ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि पहिला मिलिलिटर फेकून द्या, कारण काही फिल्टर औषध धरून ठेवतात. ठाऊक असलेलं २० मिलिग्रॅमचं द्रावण एकदा फिल्टरमधून काढून रीडिंग तेवढंच येतं का, हे आधी तपासा.

ऊन मोजायला सोलर पॉवर मीटर असेल तर दर दहा मिनिटांनी वॉट प्रति चौरस मीटरमध्ये नोंद ठेवा. मोबाइलच्या लक्स अॅपवर विसंबू नका. ढगाचा एक तुकडा आला तरी आकडा निम्म्यावर येतो. म्हणून स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात आलेख काढताना आडव्या अक्षावर मिनिटं न घेता पाण्याला मिळालेली एकूण ऊर्जा घेतात. तुम्हीही तसाच काढा, म्हणजे डिसेंबरचा आणि फेब्रुवारीचा प्रयोग शेजारी ठेवून बघता येतील.

पायरी ५: आकडेमोड

प्रत्येक रीडिंगमधून ‘ड’चं रीडिंग वजा करा, कॅलिब्रेशनवरून तीव्रता काढा. सुरुवातीची तीव्रता भागिले त्या वेळची तीव्रता, याचा नैसर्गिक लॉग घ्या आणि वेळेसमोर मांडा. सरळ रेघ आली तर तिचा चढ म्हणजे वेग-स्थिरांक.

समजा ‘अ’मध्ये अंधारानंतर १८ मिलिग्रॅम होतं आणि १२० मिनिटांनी ३.६ उरलं. भागाकार ५, नैसर्गिक लॉग १.६०९, १२० ने भागल्यावर मिनिटाला ०.०१३४. अर्धायुष्य ०.६९३ भागिले ०.०१३४, म्हणजे ५२ मिनिटांच्या आसपास. समजा ‘ब’मध्ये २० चे १४ झाले, तर स्थिरांक ०.००३०. पुडीचा वाटा सुमारे ०.०१०४ झाला. ही वजाबाकी काटेकोर नाही, कारण पूड स्वतः सावली पाडते आणि ‘अ’मधल्या औषधाला ‘ब’इतकं ऊन मिळत नाही. तरीही नुसत्या ‘८० टक्के विघटन’पेक्षा यातून खूप जास्त कळतं.

सुपरऑक्साइडनेच काम केलं हे दाखवायचं असेल तर ‘अ’सारखे आणखी तीन बीकर लावा: एकात बेंझोक्विनोन, एकात आयसोप्रोपॅनॉल, एकात ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन). पहिलं सुपरऑक्साइड खातं, दुसरं हायड्रॉक्सिल रॅडिकल, तिसरं होल. ज्याच्यामुळे वेग सर्वांत जास्त पडला, ते ज्याला खातं तोच तुमचा मुख्य कामगार. बेंझोक्विनोन विषारी आहे, हातमोजे घाला.

पायरी ६: आता कृष्णेचं पाणी

डिस्टिल्ड वॉटरमधला आकडा हा परीक्षेपुरता. आयर्विन पुलाजवळून किंवा हरिपूरला वारणेच्या संगमाच्या खालून पाणी आणा, गाळून घ्या आणि त्यातच औषध घालून चारही बीकर पुन्हा लावा. ‘ड’मध्ये आता औषधाशिवाय नदीचं पाणी आणि पूड. जमलं तर क्षारपड शिवारातलं बोअरचं पाणीही घ्या. पीएच, क्षारता आणि कठीणपणा आधी मोजून लिहा.

इथे तीन गोष्टी एकदम घडतात. बायकार्बोनेट आणि क्लोराइड रॅडिकल्सना अडवतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यात वेग पडायची शक्यता जास्त. नदीच्या पाण्यातला कुजक्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर रंग प्रकाश अडवतो. आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून बसतात, त्यामुळे शोषणशिखर ३५७ वरून पुढे सरकतं. हे तिसरं फसवं. शिखर सरकलं तरी ३५७ ला रीडिंग कमी येतं आणि औषध तुटल्यासारखं दिसतं. म्हणून कॅलिब्रेशन त्याच पाण्यात पुन्हा करा, किंवा नमुना काढल्यावर त्यात ठरावीक ईडीटीए आणि बफर घालून मगच रीडिंग घ्या; कॅलिब्रेशनच्या द्रावणांतही तेवढंच घाला. बीकरमध्ये मात्र ईडीटीए टाकू नका, ते होल खातं हे वर आलंच आहे.

खरी गंमत ‘ब’ची. टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये आम्लधर्मी द्रावण देतं, तर नदीचं पाणी अल्कधर्मी बाजूला झुकलेलं. पीएच वाढला की हा रेणू उन्हात जास्त वेगाने तुटतो. त्यामुळे नदीच्या पाण्यात ‘अ’चा वेग वाढलेला दिसेल, आणि ‘आमचा उत्प्रेरक खऱ्या पाण्यात आणखी चांगला चालतो’ असं लिहायचा मोह होईल. नदीच्या पाण्यातला ‘ब’ बघितल्याशिवाय ते वाक्य लिहू नका.

पायरी ७: शिखर गेलं, पण औषधाचा जोर गेला का?

३५७ चं शिखर नाहीसं होणं म्हणजे रेणूचा तेवढा भाग मोडणं. मोडलेल्या तुकड्यांतला एखादा अजूनही जिवाणू मारत असू शकतो. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही, शेजारचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग लागतो.

त्यांच्याकडून बॅसिलस सब्टिलिसचं कल्चर घ्या, पेट्री डिशमध्ये अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरा आणि त्यात विहिरी, म्हणजे छोटे गोल खड्डे, पाडा. काही विहिरींत २०, १०, ५ आणि २ मिलिग्रॅमची ताजी टेट्रासायक्लिनची द्रावणं, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. शेजारी ‘अ’चे ०, ६० आणि १२० मिनिटांचे नमुने. यांत ईडीटीए घातलेला नमुना चालणार नाही, कारण ईडीटीए स्वतः जिवाणूंना त्रास देतं. ३७ अंशांना रात्रभर ठेवा आणि सकाळी विहिरीभोवतीची निवळ वर्तुळं पट्टीने मोजा.

स्पेक्ट्रो म्हणतो की १२० मिनिटांच्या नमुन्यात ३.६ मिलिग्रॅम उरलं. मग त्याचं वर्तुळ २ आणि ५ मिलिग्रॅमच्या वर्तुळांच्या मध्ये कुठेतरी पडलं पाहिजे. ते ५ च्या वर्तुळापेक्षा मोठं आलं, तर तुकड्यांमध्ये औषधाचा जोर शिल्लक आहे. वर्तुळ लहान किंवा अजिबात नसेल तर निकाल पक्का. माझ्या मते प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं चित्र हेच, एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंपेक्षा कितीतरी जास्त. सीओडी (पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य जाळायला लागणारा ऑक्सिजन) काढता आला तर तोही जोडा. औषध पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झालं की नुसतं तुटलं, याचा अंदाज त्यातून येतो.

पायरी ८: पूड परत मिळवणं आणि आवरासावर

वापरलेली पूड सेंट्रिफ्यूजने गोळा करा, धुऊन वाळवा आणि पुन्हा वापरा. दर फेरीत थोडी हरवते, म्हणून उरलेल्या पुडीच्या प्रमाणात द्रावण कमी घ्या, नाहीतर पूड थकली की कमी पडली हे कळणार नाही. हीच पूड प्रत्यक्ष वापराची मोठी अडचण आहे. हजारो लिटर पाण्यातून बारीक भुकटी परत काढणं कुणाला परवडत नाही. ती काचेवर किंवा खडबडीत टाइलवर बसवून वरून पाण्याचा पातळ थर सोडता येतो. वेग कमी होतो, पण पूड पाण्यासोबत वाहून जात नाही. दवाखान्याच्या सांडपाण्यावर हे कधी बसवायचं झालं तर जिवाणूंची प्रक्रिया आणि गाळण झाल्यानंतर, सगळ्यात शेवटी. गढूळ पाण्यात उत्प्रेरकाला ऊनच मिळत नाही. गोठ्यासाठी मात्र याच्या मागे लागण्यापेक्षा पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय औषध न देणं आणि औषधानंतर ठरलेले दिवस दूध न घालणं जास्त उपयोगाचं.

उरलेली औषधाची द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. सगळी एका काचेच्या बरणीत जमवा, थोडी वापरलेली पूड टाकून गच्चीवर आठवडाभर उन्हात ठेवा, अधूनमधून हलवत राहा. मग ३५७ ला रीडिंग घ्या, वर्तुळाची चाचणी करा, आणि दोन्ही कोरी आली तरच सोडा. बेंझोक्विनोन घातलेली द्रावणं वेगळ्या बाटलीत, लेबल लावून, रासायनिक कचऱ्यात. पेट्री डिश १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर काढू नका.